बाई, बायबलमधल्या अनुवाद पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायासाठी थँक यू

बाई, सप्रेम सलाम,

हे फोनवर पण बोलता आलं असतं, पण तुमच्याकडे संडेस्कूलला शिकलेले आम्ही इतके जण आहोत, त्या सगळ्यांना कळावं म्हणून उघडच लिहितेय.

पप्पा गेल्यावर शेताचं सगळं काकांवर आलं. शेजारचा गट ज्यांचा आहे ते कुटुंब मुंबईला, शेताकडे कोणी फिरकत नाही, मग गावातले काही लोक काकांच्या मागे लागले की बांध कोरून घ्या, दरवर्षी नांगराचं एकेक तास आत सरकलात तर कोणाला कळणारे. काकांच्या मनात ते अजिबात नव्हतं, पण चारचौघांत ठामपणे काय सांगायचं ते त्यांना सुचेना. म्हणून मी तुम्हाला विचारलं. मला वाटलेलं तुम्ही शेजाऱ्याची मेर सरकवू नको हे वचन द्याल (अनुवाद 19:14, ते तर आपल्याला पाठच आहे) पण तुम्ही म्हणालात आधी दुसरा अध्याय काढ आणि काकांना मोठ्याने वाचून दाखव.

बाई, तो अध्याय मी याआधी नुसता नावांची यादी म्हणून वाचलेला. तुम्ही व्हॉइस नोटमध्ये समजावलंत तेव्हा लक्षात आलं की हे इस्राएल लोक कादेश-बर्ण्या हे ठिकाण सोडून जेरेद ओढा ओलांडेपर्यंत 38 वर्षं रानात फिरलेत, स्वतःची म्हणावी अशी वीतभर जमीन नाही, आणि अशा लोकांना देव सांगतो की एसावाच्या वंशजांशी, म्हणजे अदोमाशी, भांडू नका, सेईर डोंगर मी त्यांना वतन दिलाय, त्यातलं पाऊलभर पण तुम्हाला देणार नाही, अन्न पैसे देऊन घ्या, पाणीसुद्धा विकत घेऊन प्या. मग मवाबाबद्दल तेच, अम्मोनाबद्दल पण तेच, ती दोन्ही इस्राएलांच्या नात्यातल्या लोटाची लेकरं. आणि याच एसावाला त्याच्या भावाने, इस्राएलांचा पूर्वज याकोबाने, आशीर्वादात फसवलेलं, म्हणजे जुनं भावकीचं दुखणं होतंच, तरी वाटणी देवानेच केलेली आणि ती मोडायची नाही. गणना 20 मध्ये तर त्यांचा पुढारी मोशे अदोमाला निरोप पाठवतो की शेतातून, द्राक्षमळ्यातून जाणार नाही, विहिरीचं पाणी पिणार नाही, फक्त राजमार्गाने जाऊ द्या, अदोम नाही म्हणतो आणि एवढा मोठा समुदाय वळसा घालून जातो!

त्याच अध्यायात पुढे सीहोन राजाशी लढाई होते, त्याचा देश घेतला जातो. ते तुम्ही झाकलं नाहीत, वाचायला जड आहे असंच म्हणालात, मला ते फार बरं वाटलं. आणि मग शास्ते 11 दाखवलंत, तिथे अम्मोनाचा राजा जमीन आमची म्हणून येतो तेव्हा इस्राएलाचा पुढारी इफ्ताह आधी तलवार काढत नाही, दूत पाठवून सगळा इतिहास मांडतो, इस्राएलाने मवाबाची किंवा अम्मोनाची जमीन घेतलेलीच नाही, ही सीहोनाची होती, 300 वर्षं आम्ही इथे राहतोय. इतक्या पिढ्यांनंतर तो हे छातीठोकपणे सांगू शकला कारण पूर्वजांनी तेव्हा पाऊल टाकलं नव्हतं.

काकांना एवढं पुरलं. पुढच्या वेळी त्यांनी सरळ सांगितलं, त्यांची जमीन त्यांना देवानेच दिलीय, मी कोण घेणारा. ते मुंबईचे लोक आपल्या चर्चचे नाहीत, ख्रिस्ती पण नाहीत, पण अदोम, मवाब तरी कुठे इस्राएलाचे होते. काकांनी स्वतः मुंबईला फोन लावला, दोघांनी मिळून मोजणी करून घेतली, हद्दीचे दगड दोघांसमोर रोवले.

तर मनापासून थँक यू बाई, माझ्याकडून आणि काकांकडून जास्त. आता त्यांना तुमच्याकडून नाबोथाचा द्राक्षमळा (1 राजे 21) ऐकायचाय, अहाब राजा बदल्यात चांगला मळा किंवा रोख पैसे द्यायला तयार होता तरी वाडवडिलांचं वतन देणार नाही म्हणाला तो माणूस, यावर ते रोज माझ्याशी बोलतात. रविवारी भक्ती झाल्यावर आम्ही दोघं थांबतो, तुम्हाला वेळ असेल तर बसूया.

तुमची विद्यार्थिनी