गारठलेली बोटे आणि पुढचा ब्रेक

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

डिसेंबर लागला की परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात नोंदलेले किमान तापमान आपल्या दैनिकात ठळकपणे येते आणि सोबत शेकोटीचे छायाचित्रही असते. त्याच पहाटे शेकोटीपाशी बसायची सवड नसलेली बरीच माणसे मोटारसायकलवर असतात. त्यांत दूधवाले असतात, सकाळपाळीचे कामगार असतात, रात्रीच्या विजेवर गव्हाला पाणी देऊन परतणारे शेतकरी असतात आणि आपलेच दैनिक गावोगाव पोहोचवणारे विक्रेतेही असतात. मी स्वतः जिंतूर तालुक्यातून गेली 18 वर्षे पहाटे पाचला दुधाचे दोन कॅन बांधून परभणीला जातो. गाडीवर हात गारठतात अशी तक्रार कोणी केली, तर आपल्याकडे त्याला नाजूक ठरवले जाते. माझ्या मते ही तक्रार सरळसरळ ब्रेकची आहे.

गेल्या जानेवारीत झरीच्या अलीकडे, अंधारात, मागे लाल दिवा नसलेली उसाची ट्रॉली मला अचानक समोर दिसली. ब्रेक दाबायचे वेळेवर सुचले, परंतु उजव्या हाताची बोटे मुठीवर आखडून बसली होती. ती सुटून लिव्हरवर येईपर्यंत गाडी खडीवर उतरली होती. एक कॅन सांडला आणि गुडघा फुटला, एवढ्यावर निभावले. ताशी 50 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे 14 मीटर पुढे सरकते, म्हणजे बोटांनी अर्धा सेकंद उशीर केला तरी 7 मीटर हातचे जातात. एप्रिल 2019 नंतरच्या लहान गाड्यांत पायाचा ब्रेक दाबला की पुढचाही काही प्रमाणात लागतो. माझ्यासारख्यांच्या जुन्या गाड्यांत मात्र पुढचा ब्रेक सर्वस्वी उजव्या हाताच्या चार बोटांवर असतो.

हात गारठण्यामागे थंडीबरोबर वाऱ्याचाही वाटा मोठा आहे. हवेचे तापमान 8 अंश असताना ताशी 50 किलोमीटरचा वारा अंगावर येत असेल, तर अमेरिका आणि कॅनडाच्या हवामान विभागांच्या सूत्रानुसार उघड्या त्वचेला ती थंडी सुमारे 3 अंशांची भासते. ओढ्याकाठच्या खोलगटात तर गारठा आणखी साचलेला असतो. शरीर अशा वेळी छातीपोटाची ऊब राखण्यासाठी बोटांच्या रक्तवाहिन्या आकसून घेते. आधी बोटे झोंबतात, मग बधिर होतात, आणि झोंबणे थांबले की आपल्याला उगाच वाटते, हात सरावले.

उपाय म्हणून मी पायमोजेही हातात घालून पाहिले आहेत. लोकरीच्या मोज्यांतून वारा आरपार जातो. त्यांवर प्लास्टिकची पिशवी चढवली की वारा अडतो, पण आत घाम धरतो आणि मूठ निसटते. घट्ट मोज्यांनी उलट रक्त अडते, त्यामुळे मोजे थोडे सैल आणि बाहेरून वारा न शिरणारे हवेत. शहरातील एका दुकानात हिवाळी म्हणून मला जे मोजे विकले गेले, त्यांची वरची बाजू चक्क जाळीची निघाली. सायलेन्सरवर हात शेकणाऱ्यांना मात्र माझी कळकळीची विनंती आहे की हे करू नये, कारण बधिर हाताला चटका कळतो तो कातडी भाजल्यानंतर.

शेवटी उपयोगी पडले ते हँडलवर चढवायचे रेक्झिनचे कव्हर. उत्तर भारतात ते सर्रास दिसते. मी ते सीट कव्हर शिवणाऱ्याकडून, आत जुन्या घोंगडीचे अस्तर लावून, शिवून घेतले. पहिल्या खेपेला तोंड अरुंद झाले आणि हात अडकू लागला, म्हणून ते उसवून रुंद करावे लागले. कव्हर वाऱ्याने दबून लिव्हरवर टेकत नाही ना, मूठ सोडल्यावर ॲक्सिलरेटर आपोआप मागे येतो ना आणि हॉर्नचे बटण न पाहता सापडते ना, एवढे गाडी उभी असतानाच तपासावे. विजेवर तापणाऱ्या मुठीही मिळतात, परंतु शंभर सीसीच्या गाडीची लहानशी बॅटरी त्यांच्या जोडीला लागणारे तीस-चाळीस वॅट रोज कुठून पुरवणार?

हातांची ऊब छातीतून येते, हेही अनेकांच्या ध्यानात येत नाही. स्वेटरच्या आत, छातीवर वर्तमानपत्राची चौपदरी घडी ठेवली तर बोटेसुद्धा उशिरा गारठतात. आपल्या अंकाचा हा उपयोग आपण गैर मानणार नाही, अशी आशा आहे. निघण्यापूर्वी बिडी ओढून ऊब येते हा समज मात्र खोटा आहे, कारण तंबाखूने बोटांच्या रक्तवाहिन्या आणखी आकसतात. ज्यांना मधुमेहामुळे आधीच हातापायांत मुंग्या येतात किंवा ज्यांची बोटे गारव्याने पांढरी पडतात, त्यांनी डॉक्टरांना दाखवावे.

दूध संस्था दिवाळीत सभासदांना स्टीलचा डबा किंवा मिठाई देतात. त्याऐवजी यंदा हँडल कव्हरची एक जोडी द्यावी आणि वृत्तपत्र वितरकांनीही आपल्याकडे अंक टाकणाऱ्या मुलांसाठी तसाच विचार करावा, ही माझी सूचना आहे. साखर कारखान्यांनी गाळप सुरू होताच प्रत्येक ट्रॉलीच्या आणि बैलगाडीच्या मागे लाल रिफ्लेक्टर लावल्याशिवाय तिला काट्यावर घेऊ नये. आमची बोटे आम्ही उबदार ठेवू, पण समोर काय उभे आहे ते निदान दिसले तरी पाहिजे.

आपला नम्र,
एक दूध उत्पादक,
ता. जिंतूर, जि. परभणी