परराष्ट्र मंत्री साहेब, आबांच्या सोयाबीनचा आयटीआर कुठून आणू?

मा. परराष्ट्र मंत्री साहेब, स.न.वि.वि.

मी परभणी जिल्ह्यातला, सेलूकडचा. धाकटी बहीण जर्मनीत असते, तिला लेकरू झालं म्हणून आबा, माय, मी, बायको आन नऊ वर्षाचं पोरगं असं पाचजण जायचं ठरलं. रेशनकार्ड एक, चूल एक, पण व्हिसाला फायली पाच. ठीक आहे, नियम त्यांचा, कुणाला येऊ द्यायचं ते त्यांनीच ठरवायचं, हे कळतं आम्हाला.

पण साहेब, मुंबईला जाऊन कागद आन बोटांचे ठसे द्यायचे पाच स्लॉट, म्हणजे ठरलेल्या वेळा, एका दिवशी मिळता मिळेनात. रात्री बारा-बारा वाजेपर्यंत साईट उघडून बसायचो, कधी दोन दिसायचे कधी एक, शेवटी आमचे तिघांचे एका दिवशी आन आबा-मायचे आठ दिवसांनी. म्हातारी माणसं एकटी मुंबईत कुठं फिरतील, म्हणून मी दोनदा देवगिरी एक्सप्रेसनं गेलो. पोराचे ठसे घेत नाहीत, बाराच्या आतल्यांना माफ आहे. आबांचे उठेनात. जन्मभर खुरपं आन नांगर धरलेली बोटं, रेशनच्या मशीनवर पण चार-चारदा अंगठा लावावा लागतो. काउंटरवरची पोरगी भली, हात पुसायला लावून परत परत घेतले तेव्हा कुठं झाले.

खरी गंमत पैशाच्या कागदात. तीन वर्षाचा आयटीआर, म्हणजे इन्कम टॅक्सचं रिटर्न, मागितला. आता शेतीच्या उत्पन्नाला आपल्याच कायद्यानं टॅक्स नाही, मग आबांनी रिटर्न कशाला भरावं? सहा महिन्याचं बँक स्टेटमेंट काढलं तर त्यात पीएम किसानचे दोन-दोन हजार. सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या आसपास एकदाच येतो, तो नेमका त्या सहा महिन्यात बसला नाही. सातबारा जोडला, इंग्रजी भाषांतर करून जोडलं, आडत्याची पट्टी, म्हणजे माल विकल्याची पावती, मात्र व्हिसाच्या एजंटनं काढून टाकली, म्हणे हे कुणाला कळत नसतं.

व्हिसाची फी मोठ्या माणसाला ९० युरो, पोराला ४५, म्हणजे आमचे ४०५, चाळीस हजाराच्या घरात, वर सर्व्हिस चार्ज वेगळा. नकार आला तरी फी परत नाही.

चौघांचा व्हिसा आला. आबांचा नकार. कारण काय, तर मुदतीआधी परत जाण्याच्या इराद्याबद्दल शंका! अहो, ज्या माणसाला पाहुण्याकडं दुसऱ्या रात्री झोप येत नाही, म्हशीची धार कोण काढील म्हणून पहाटेच्या एसटीनं निघतो, तो तिकडं राहून काय करायलाय? माय म्हणली, ते नाहीत तर मी पण नाही. तिचा व्हिसा पासपोर्टात चिकटवलेला आहे, पासपोर्ट कपाटात.

साहेब, २०१७ पासून पासपोर्टचं काम तुमच्याच खात्यानं पोस्टात आणलं, लई सोय झाली. तसंच या वकिलातींशी बोलून महिन्यातून दोन दिवस तरी संभाजीनगरला नाहीतर नांदेडला ठसे घ्यायची सोय करा. एका घरच्यांना एकच वेळ मिळू द्या. आन शेतकऱ्याला आयटीआर का नसतो हे एका कागदावर लिहून त्यांना द्या, तुमच्या शिक्क्यानं, आम्ही सांगून पटत नाही.

आबांचा अर्ज परत भरायलोय. यावेळी आडत्याची पट्टी जोडू का नको, तेवढं कळवा.

आपला,
सेलूकडचा एक पासपोर्टधारक