इनीवाले, क्वारीवाले आणि आपण दोघं

लिव्हरपूल,
शनिवार, ६ जुलै २०२४

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तराला उशीर झाला, शिव्या घाल. अक्षर मुद्दाम मोठं काढतोय, कारण दुसऱ्या डोळ्याचा मोतीबिंदू तू अजून काढलेला नाहीस हे वहिनींनी फोनवर सांगितलं. लेका, पहिल्याच्या वेळी काय झालं तुला? अर्ध्या तासात घरी येऊन मिसळ खाल्लीस. दुसराही उरकून टाक.

आज लिहायला बसलो त्याला निमित्त झालं आमच्या चर्चच्या हॉलातला शनिवारचा चहा. मी जातो तो देवासाठी नाही, तिथल्या फ्रूटकेकसाठी, हे तुला माहीत आहे. काल इथे किअर स्टार्मर पंतप्रधान झाला. तो लहानपणी रायगेटच्या ग्रामर स्कूलात होता. एवढ्यावरून आमच्या टेबलावर आज जी जुंपली, ती ऐकताना मी सरळ आपल्या ओट्यावर जाऊन बसलो बघ.

ग्रामर स्कूल म्हटल्यावर तू समास आणि विभक्ती काढून बसशील, म्हणून आधी सांगतो. व्याकरण ते लॅटिनचं, आणि तेही फार जुन्या काळचं. १९४४ च्या कायद्यानंतर इथल्या सरकारी शाळांत अशी रीत होती: अकराव्या वर्षी एक परीक्षा. गणित, इंग्रजी आणि बुद्धीची कोडी. तिचं नाव इलेव्हन-प्लस. चार-पाचातला एक पास व्हायचा, तो ग्रामर स्कूलात. तिथे लॅटिन, काळे झगे घातलेले मास्तर, टोपी, ब्लेझर आणि पुढे युनिव्हर्सिटीची वाट. उरलेले बहुतेक सेकंडरी मॉडर्नमध्ये, म्हणजे पंधराव्या वर्षी बाहेर पडून कामाला लागायचं. आपणही चौथीला स्कॉलरशिपला बसलो होतो, पण मी नापास झालो म्हणून काही कुणी मला पुण्याच्या नूमवि शाळेचं दार बंद केलं नाही. इथे दहा-अकरा वर्षांच्या पोराची वाट एका सकाळी ठरायची. १९६५ मध्ये लेबर सरकारने ही चाळणी मोडायला सुरुवात केली. तरी इंग्लंडात आजही १६३ ग्रामर स्कूलं आहेत. लिव्हरपूल शहरात एकच उरलंय.

तर आमच्या टेबलावर तिघं. एक इनीवाला. म्हणजे माउंट स्ट्रीटवरच्या लिव्हरपूल इन्स्टिट्यूटचा माजी विद्यार्थी, वय ऐंशी, माझा जुना पेशंट. दुसरा क्वारीवाला, क्वारी बँक हायस्कूलचा, तोही ऐंशीचाच. तिसरा इनीवाल्याचा धाकटा भाऊ. तो बस डेपोत मेकॅनिक होता. तो सहसा बोलत नाही, टेबल डगमगलं तर पायाखाली कागदाची घडी सरकवतो.

दोन्ही शाळा मुलग्यांच्या, दोन्ही ग्रामर आणि दोन्हींत विस्तव जात नसे. इनीवाला सुरुवात नेहमी १८२५ पासून करतो. तेव्हा कामगारांच्या शिक्षणासाठी संस्था निघाली, १८३७ मध्ये खांबांची भव्य इमारत झाली, १८४४ मध्ये डिकन्स येऊन भाषण करून गेला. हे सगळं तो असं सांगतो की डिकन्सला स्टेशनवर आणायला हाच गेला होता. त्यांचं लॅटिन ब्रीद म्हणजे 'आम्ही केवळ स्वतःसाठी नव्हे, साऱ्या जगासाठी जन्मलो.' त्यावर क्वारीवाला म्हणतो, "म्हणूनच घरी कधी नसतोस." क्वारी म्हणजे दगडाची खाण. त्यांच्या ब्रीदाचा अर्थ साधारण 'या खाणीतून पुरुषार्थ' असा. ती शाळा पुष्कळ अलीकडची, १९२० नंतरची. पण बिल रॉजर्स आणि पीटर शोअर हे लेबरचे दोन मंत्री तिने दिले, आणि ईटन या बड्यांच्या शाळेवरून 'लेबर पक्षाचं ईटन' असं टोपणनाव मिळवलं. हे ऐकवताना तो फ्रूटकेकचा तुकडा हवेत धरतो.

आणि मग अर्थात बीटल्स, आमच्या गावचा तो जगभर गाजलेला बँड. अरे, ही अख्खी भानगड म्हणजे या दोन शाळांचीच गोष्ट आहे! जॉन लेनन क्वारी बँकचा. पॉल मकार्टनी आणि जॉर्ज हॅरिसन इन्स्टिट्यूटचे, ८६ नंबरच्या बसने शाळेत जाणारे. जॉनने पहिला बँड काढला त्याचं नाव क्वारीमेन, ते शाळेच्या गीतावरून घेतलेलं. इनीवाला म्हणतो, आमचे दोन, तुमचा एक. क्वारीवाला म्हणतो, आमचा नसता तर तुमचे दोन कुठे वाजवत बसले असते? इनीवाला म्हणतो, तुमच्या त्या एकाचे शिक्षेचे कागद लिलावात गेले! हे खरं आहे. जॉनच्या १९५५ सालच्या डिटेन्शनच्या नोंदी काही वर्षांपूर्वी विकल्या गेल्या. मास्तरांनी कारणांत 'वर्गात मारामारी', 'ढकलाढकली' याच्या जोडीला 'घातपात' असाही शब्द लिहिला होता. क्वारीवाल्याला या कागदांचा मनस्वी अभिमान.

जॉनच्या शेजारी बसत होतो असं म्हणणारी इतकी माणसं मला या गावात भेटली आहेत की तो बाक लकडी पुलाएवढा लांब असला पाहिजे. आमचा क्वारीवाला मात्र प्रामाणिक. तो १९५५ मध्ये शाळेत गेला, जॉन १९५७ मध्ये बाहेर पडला. म्हणतो, "दोनदा पाहिला. एकदा पाठमोरा."

आता गंमत ऐक. आज ६ जुलै. १९५७ सालीही हाच दिवस, हाच वार. इथल्याच वूल्टन भागातल्या सेंट पीटर्स चर्चच्या जत्रेत क्वारीमेन वाजवत होते आणि तिथे जॉनची पॉलशी ओळख झाली. ओळख करून दिली आयव्हन वॉनने. तो राहायचा जॉनच्या घराजवळ, शाळा मात्र पॉलची. तो कुंपणावरून उडी मारणारा मुलगा नसता तर दोन्ही शाळा आपापल्या टोप्या सांभाळत बसल्या असत्या. हे वाक्य मी आज टेबलावर टाकलं. दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं की परदेशी माणसाने आमच्या घरच्या गोष्टीत नाक खुपसू नये. अठ्ठेचाळीस वर्षं झाली मला या गावात, बंड्या!

छड्यांचा विषय निघाला तेव्हा मात्र दोघे एकदम एका शाळेचे झाले. एक मास्तर कॅनवासच्या बुटाने मारायचा, आणि मारण्याआधी पोराला त्या बुटाचा नंबर विचारायचा. कुठल्या शाळेतला ते लिहीत नाही. दोघे डोळे पुसेपर्यंत हसत होते. मला त्यात हसण्यासारखं काही सापडेना, पण आपणही आपल्या छड्यांच्या गोष्टी अशाच सांगतो, नाही का?

तेवढ्यात धाकटा बोलला. कपातला चमचा बाजूला ठेवून त्याने विचारलं, "चार होते ना रे ते? रिंगोची शाळा कुठली?"

दोघे गप्प. मलाही सांगता येईना.

"डिंगल व्हेल सेकंडरी मॉडर्न," तो म्हणाला. "माझीच."

रिंगो, बीटल्सचा ड्रमर, सहाव्या वर्षी पोटाच्या दुखण्याने मरता मरता वाचला, वर्षभर हॉस्पिटलात होता, मागे पडला. इलेव्हन-प्लसपर्यंत पोहोचलाच नाही. पुढे तेराव्या वर्षी क्षय. पण धाकट्याला रिंगोचं सांगायचं नव्हतं. मग त्याने जे सांगितलं ते थोडक्यात असं. त्या काळी इथे पास झालास तर सायकल, असं आईबाप पोरांना कबूल करत. थोरला पास झाला, त्याला सायकल मिळाली. हिरवी, पितळी घंटीची. पुढच्या वर्षी याचा लिफाफा आला. वडिलांनी उभ्यानेच वाचला, पुन्हा तशीच घडी घातली आणि घड्याळामागे ठेवला. कुणी काही बोललं नाही. संध्याकाळी वडिलांनी याला हाक मारली आणि तेलाची बुधली हातात दिली. "सायकल दादाची," तो म्हणाला, "पण चेनला तेल पाच वर्षं मी घातलं. तिथेच शिकलो मी काम."

थोरला म्हणाला, "तू हे कधी बोलला नाहीस."

"तू शाळेबद्दल बोलत होतास ना," धाकटा म्हणाला. चिडून नाही. दुधाचा जग मागावा तसं.

क्वारीवाल्याने केकची बशी त्याच्याकडे सरकवली. मग गाडी वळली इमारतींकडे. इन्स्टिट्यूट १९८५ मध्ये बंद पडलं, पुढे पॉलच्या पुढाकाराने १९९६ पासून त्याच वास्तूत गाण्या-नाटकाचं कॉलेज सुरू झालं. क्वारी बँकचं नावही गेलं, आता ती कॅल्डरस्टोन्स स्कूल. तुमची शाळा मेली, तुमचीने नाव बदललं, वगैरे. पण त्यात मघाचा जोर राहिला नव्हता.

घरी येताना मी आपलाच विचार करत होतो. तुला आठवतं, एस. एस. सी.ला माझा नंबर तुमच्या रमणबाग शाळेत आला होता? बीजगणिताच्या पेपरला बाकावर करकटकाने कोरलेलं वाचलं: 'नूमवि म्हणजे नुसतेच मठ्ठ विद्यार्थी'. एक गणित त्या रागात चुकलं. पुढे आमच्या संस्थेचं एस. पी. कॉलेज सोडून तुमच्या संस्थेच्या फर्ग्युसनला, म्हणजे शत्रूच्या गोटातच आलो, आणि पहिल्याच आठवड्यात हा किस्सा सांगितला तर तू कान पकडून म्हणालास, तो बाक माझा. तेव्हापासून आपली दोस्ती. मग आमच्या वाड्याच्या ओट्यावर चार वर्षं तेच. तू रमणबागेच्या स्थापनेचं १८८० आणि टिळक-चिपळूणकर काढायचास, मी नूमविच्या १८८३ वरून हलायचो नाही. तीन वर्षांच्या फरकावरून आपण किती रात्री घालवल्या रे! रमणबाग म्हणजे बागेत रमणारे, हा माझा एकमेव विनोद; तो तू साठ वेळा ऐकलास.

आणि आपला पंच कोण असायचा? गजा.

आमच्याच वाड्यात मागच्या खोलीत राहायचा. म्युनिसिपालिटीच्या शाळेत सातवी, मग अप्पा बळवंत चौकाजवळच्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायला. संध्याकाळी येऊन बसायचा तेव्हा नखांत शाई. उलटी अक्षरं सरळ वाचायचा. तुझ्या त्या पत्राचं प्रकरण आठव. तू समोर बसून लिहीत होतास आणि त्याने उलट्या बाजूने मायना मोठ्याने वाचून दाखवला! आपण त्याला म्हणायचो, गजा, तू दोन्हीकडचा नाहीस, तू निकाल दे. आणि तो द्यायचा, आलटूनपालटून, कधी तुझ्या बाजूने, कधी माझ्या. केवढा निःपक्षपाती, म्हणून आपण त्याची पाठ थोपटली आहे.

एकदा त्याने मला विचारलं होतं, "फर्ग्युसनात लॅबोरेटरीत खरंच प्रत्येकाला वेगळा दिवा असतो का रे?" मी हो म्हणालो आणि लगेच तुझ्याशी भांडायला वळलो. साल १९६७ असावं. बाकी त्या संध्याकाळचं काही आठवत नाही, हा प्रश्न तेवढा आज जिना चढताना आठवला. पुढे तो रात्रशाळेत जायचा असं आईने मला इकडे पत्रातून कळवलं होतं. मॅट्रिक झाला का, ते मी कधी विचारलंच नाही.

वाडा पडला तेव्हा ती मंडळी धायरीकडे गेली असं ऐकलं होतं. तुझी तिकडे ओळख आहे, तुझ्या मेव्हण्याचं दुकान आहे ना? चौकशी कर. पत्ता किंवा फोन मिळाला तर मला आधी कळव, तू एकटा जाऊ नकोस. मी डिसेंबरात येतोय, दोघं मिळून जाऊ. आणि तिथे गेल्यावर शाळेचा विषय तू काढायचा नाहीस. मीही काढणार नाही. त्याने काढला तर बघू.

वहिनींना नमस्कार. नातवाला सांग, बीटल्सचे टी-शर्ट आणतोय, मापं कळव.

तुझा,
मधू

ता. क. धाकट्याने आज आमच्या हॉलातलं ते टेबल कायमचं दुरुस्त केलं. स्क्रू घरून घेऊन आला होता. ऑपरेशनची तारीख ठरली की फोन कर, टाळाटाळ नको.