‘ळ’ला स्वतःचं बटण देणाऱ्या भाच्याला

चि. भाच्यास अनेक आशीर्वाद.

परवाच्या बैठकीचं इतिवृत्त मी स्वतः टाइप केलं. पावणेदोन तास लागले, पण सगळ्या बायकांनी वाचून सह्या केल्या. म्हणून तुझे आभार चारचौघांत मानते आहे.

बचत गटाची वही 11 वर्षं माझ्या अक्षरात होती. लकव्यानं उजवा हात गेला आणि वही दुसऱ्याच्या हाती द्यावी लागली. बोलून टाइप करावं तर जीभ जड, मी म्हणायची एक आणि मोबाइल लिहायचा भलतंच. काचेवर डावं बोट थरथरून शेजारच्या अक्षरावर पडायचं. तू यावलला आलास, कोपऱ्यात पडलेला नातवाचा गेमचा कंट्रोलर उचललास आणि विचारलंस, “मावशी, डावा अंगठा चालतो ना?”

स्टीम या गेमच्या प्रोग्रॅममध्ये डेस्कटॉपची मांडणी उघडून तू डाव्या दांडीला माउसचं काम दिलंस. थरथरीनं बाण हलू नये म्हणून डेड झोन, म्हणजे दांडी जराशी हलली तरी बाण जागचा हलत नाही तेवढा टप्पा, वाढवलास, वेग उतरवलास. क्लिक करताना अंगठा सरकतो हे तुझ्याच लक्षात आलं. मग विंडोजच्या ऑन-स्क्रीन कीबोर्डला सांगून ठेवलंस, की अक्षरावर बाण एक सेकंद थांबला की ते उमटव. स्पेस, बॅकस्पेस आणि एंटर दांडीशेजारच्या बटणांवर आले. स्टीम बंद असलं तर हे काहीच चालत नाही, म्हणून ते कॉम्प्युटरबरोबर आपोआप सुरू होईल असंही केलंस.

तरी मराठी अडतच होती. इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डच्या मांडणीत ‘ळ’ शिफ्ट आणि एन मिळून येतो. म्हणजे एका अक्षरासाठी दोनदा थांबायचं, आणि आमच्या वहीत तर केळी, वेळ, मिळाले, भुसावळ! बोलताना आम्ही ‘केयी’ म्हणतो, ते चालतं. पण वहीत ‘केळी विक्री’ची ‘केली विक्री’ झाली तर काय विकलं तेच कळत नाही. तू माझी जुनी वही मागून घेतलीस, पानभर ‘ळ’ पेन्सिलीनं गोल केलेस आणि वरच्या डाव्या ट्रिगरला शिफ्ट-एन एकदम देऊन टाकलंस. शेजारच्या बटणावर हलन्त, म्हणजे अक्षराचा पाय मोडायचं चिन्ह; कीबोर्डवर ते डीच्या कळीवर असतं. आता जोडाक्षरं अडत नाहीत.

ट्रिगर टेबलाला टेकून दाबला जात नव्हता, म्हणून खाली टॉवेलची घडी ठेवलीस. त्याआधी तू स्वतःचा उजवा हात पाठीमागे धरून तासभर टाइप करत बसला होतास, ते मी स्वयंपाकघरातून पाहिलं. ते मला कधी विसरता येणार नाही.

आता ‘ण’लाही एक बटण हवं आहे, तोही शिफ्टनंच येतो. थंडीत ये, भरिताची वांगी निघाली की. कळण्याची भाकरी करायला सून आहे, मीठ-मिरची मी सांगीन.

तुझी,
यावलची मावशी