दिवाळीला घरी येण्यापूर्वी, स्वयंपाकघराविषयी

पुणे,
घटस्थापना

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, परवा फोनवर तू म्हणालीस, "पोळी नको तर नको, तुझ्यापुरती भाकरी करू." तेवढ्याने भागत नाही, आणि का भागत नाही हे मला तेव्हा नीट सांगता आले नाही, म्हणून हे पत्र.

मला जो सिलिअ‍ॅक आजार निघाला आहे, त्यात गहू, जव आणि राय या धान्यांतले ग्लुटेन नावाचे प्रथिन पोटात गेले की शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते आणि अन्नरस शोषून घेणारी तिथली मखमलीसारखी लव झिजून सपाट होते. सहा वर्षे लोहाच्या गोळ्या घेऊनही माझे हिमोग्लोबिन नऊच्या वर गेले नाही, त्याचे कारण हे होते. त्या काळात एका डॉक्टरांनी मला मनाचा आजार ठरवून परत पाठवले, याचे दुःख अजून जात नाही. यावर औषध नाही. जन्मभर ग्लुटेन वर्ज्य करणे हाच उपाय. एका पोळीत दोन-अडीच ग्रॅम ग्लुटेन असते आणि रोज ५० मिलिग्रॅम, म्हणजे पोळीचा पन्नासावा हिस्सा, पोटात जात राहिला तरी आतड्याला इजा होते. पोट दुखले नाही तरी होते. म्हणून आत्या "एवढ्याशाने काय होतंय" म्हणाली, तर आई, माझ्या वतीने तू नाही म्हण.

आजीची एकादशी आठवते ना? साबुदाण्याच्या खिचडीच्या डावाला भाताचे शीत लागले तर ती डाव बदलायची. मला घरात तीच शिस्त हवी आहे. मात्र इथे अग्नीने काही शुद्ध होत नाही. ग्लुटेन तापल्या तव्यावर जळून जात नाही आणि तळणीच्या तेलातूनही नाहीसे होत नाही, त्यामुळे पुऱ्या तळलेल्या तेलात माझे पापड तळता येणार नाहीत. स्टीलची भांडी साबणाने स्वच्छ घासली की चालतात, पण लाकडी पोळपाट-लाटण्याच्या भेगांत, बिडाच्या तव्यावर आणि चाळणीच्या जाळीत पीठ अडकून राहते आणि ते घासून निघत नाही. तेव्हा माझ्यासाठी एक तवा, एक चाळणी आणि भाकरी थापायला एक परात नवी घेऊन वरच्या फळीवर ठेवा. तुपाच्या भांड्याची मला सर्वांत जास्त काळजी वाटते, कारण पोळीला तूप लावलेला चमचा आपल्याकडे पुन्हा त्याच भांड्यात जातो. माझे तूप आणि लोणचे आधीच वेगळे काढून ठेवा.

बाबा, तुम्ही हौसेने माझ्यासाठी ज्वारी दळून आणाल हे मला ठाऊक आहे, पण कृपा करून आणू नका. ज्या जात्यावर दिवसभर आपल्या इंदुरातल्या साऱ्या रामबागेचे गहू दळले जातात, त्याच जात्यातून निघालेले पीठ मला चालत नाही. मी येताना बंद पाकिटे आणीन. ग्लुटेन-फ्री असे छापायचे तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असता कामा नये, असा आपल्याकडे नियम आहे. घावनांसाठी तांदूळ भिजवून घरीच मिक्सरमध्ये वाटता येतील.

हिंगाचे कळले तेव्हा मीही चकित झाले. डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, म्हणजे आपली आमटी इतकी वर्षे निर्दोष नव्हतीच. मेतकूट आणि थालीपिठाच्या भाजणीतही तू गहू घालतेस. बाजारच्या शेवेत हिंग कुठला आणि कढई कोणती हे कळत नाही, म्हणून या खेपेला सराफ्याच्या खाऊगल्लीत मी तुमच्याबरोबर येईन, पण काही खाणार नाही. भुट्ट्याचा कीस तू घरी केलास तर मला काहीच कमी पडणार नाही.

फराळात अनारसे, बेसनाचे लाडू आणि पोह्यांचा चिवडा माझ्या भांड्यांत, माझ्या साहित्यातून आणि सर्वांआधी करू या. मैदा उडतो आणि ओट्यावर बसतो, म्हणून करंज्या-शंकरपाळे त्यानंतर, दुसऱ्या दिवशी करावेत. लक्ष्मीपूजनाच्या साळीच्या लाह्या आणि बत्तासे मला चालतात, याचा मला फार आनंद झाला. प्रसादाला नाही म्हणणे अजून जड जाते.

माझ्यासाठी तुम्ही मात्र गहू सोडू नका. उन्हाळ्यात कोठीत भरलेले वर्षाचे गहू तसेच राहू द्या, पोळ्या खात राहा. हा आजार आनुवंशिक आहे आणि रुग्णाच्या आई-वडिलांत, भावंडांत आणि मुलांत साधारण दहांत एकाला तो सापडतो. गहू बंद केल्यावर रक्ताची तपासणी खोटा दिलासा देऊ शकते, म्हणून ती पोळी खात असतानाच करायची असते. आई, दोन वर्षांपूर्वी तुझी हाडे ठिसूळ झाल्याचे निघाले तेव्हा आपण ते वयावर ढकलले. या आजारातही तसे होते, हे मला आता कळले आहे. टीटीजी-आयजीए असे तपासणीचे नाव आहे. बाबा, तुम्ही दोघेही याच आठवड्यात रक्त देऊन या आणि रिपोर्ट आला की त्याचा फोटो मला लगेच पाठवा.

तुमची,
मनू