पदांना आणखी कात्री कशाला?

‘प्रेक्षक यायला हवे असतील तर पदे (नाटकातली गाणी) कापून संगीत नाटक दोन तासांत बसवा’ असे सुचवणारा रविवार पुरवणीतील लेख वाचला, पटला नाही. गेल्याच आठवड्यात अमेरिकेहून आलेली बहीण, मेहुणे आणि १६ वर्षांची भाची यांच्यासोबत ‘संगीत सौभद्र’ पुन्हा पाहिले. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या १८८२च्या या नाटकात मुळात शंभरावर पदे; आजच्या प्रयोगात त्यांतली मोजकीच उरतात. म्हणजे कात्री केव्हाच लागली आहे. तरीही खुर्च्या रिकाम्या राहत असतील, तर दोष पदांचा कसा?

‘नच सुंदरी करू कोपा’ सुरू झाले तशी भाची मोबाइल पर्समध्ये टाकून पुढे सरकून बसली. शब्द निम्मेच कळले असतील, कृष्णाची लाडीगोडी मात्र पुरती कळली. ‘वन्स मोअर’ही (निदान आमच्या रांगेत) पहिल्यांदा तिनेच दिला. तिची तक्रार वेगळीच होती: ऑर्गन-तबल्याचे माइक इतके चढवलेले की गद्य संवाद ऐकूच येईनात. निर्मात्यांनी आधी ध्वनिव्यवस्था सुधारावी. पदे आहेत तेवढी राहू द्यावीत.

– एक नाट्यरसिक, सांगली