विषयपत्रिकेत प्रश्न हवेत

संपादक महोदय,

कार्यालयीन बैठका लांबतात त्या बहुधा मोघम विषयपत्रिकेमुळे. 'विक्रीबाबत चर्चा' असे लिहिले की चर्चाच होते, निर्णय राहून जातो. विषय प्रश्नाच्या रूपात मांडावा, त्यापुढे मिनिटे लिहावीत आणि कागदपत्रे एक दिवस आधी पाठवावीत. नाहीतर सुरुवातीचा वेळ वाचण्यातच जातो. ८ जण प्रत्येकी ५ मिनिटे बोलले तरी ४० मिनिटे संपतात, म्हणून ज्यांच्यावाचून निर्णय अडतो त्यांनाच बोलवावे. बाकीच्यांना इतिवृत्त पुरते. तेही त्याच दिवशी निघावे, प्रत्येक कामापुढे एकच नाव आणि तारीख घालून. 'सर्वांनी लक्ष घालावे' असा शेरा मारलेले काम पुढच्या बैठकीत हमखास जसेच्या तसे परत येते.

– एक वाचक